सोसायटीच्या एसटीपीला ओझोन बसवला तर सांडपाण्यातली औषधं निघतील का?

तुम्ही विचारलंय की आपण घेतो त्या गोळ्या लघवीतून एसटीपीत (सोसायटीच्या सांडपाणी साफ करायच्या प्लांटमध्ये) जातात, त्या तिथे निघतात का आणि नसतील निघत तर ओझोन बसवून फायदा होईल का. मी सांडपाण्याच्या प्लांटचं डिझाईन करतो म्हणून सविस्तर सांगतो.

सगळीच औषधं राहतात असं नाही. पॅरासिटामॉल टाकीतले बॅक्टेरिया आरामात खाऊन टाकतात, पण फिट्सवर देतात ते कार्बामाझेपिन जवळपास जसं आलं तसंच बाहेर पडतं, डायक्लोफेनॅकही बरंच उरतं (गुडघ्याला चोळायच्या जेलमधलं, हात धुतले की गेलं गटारात). प्लांट बांधलाच जातो बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते त्याचं माप) कमी करायला, लिटरमागे मायक्रोग्रॅम असलेली गोष्ट पकडायला नाही.

ओझोन या दोघांनाही पटकन तोडतो, हे खरंय. पण त्याला औषध कुठलं आणि साधी घाण कुठली ते कळत नाही, जे सेंद्रिय समोर येईल त्यावर तो खर्च होतो, म्हणून पाणी आधीच नीट साफ झालेलं नसेल तर नुसती वीज जाते. शिवाय औषधाचे तुकडे उरतात, त्यासाठी पुढे वाळूचा फिल्टर लागतो, आणि पाण्यात ब्रोमाइड असेल तर ब्रोमेट तयार होतं जे आणखी वाईट. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनमध्ये (औषधं शोषून धरणारा खास कोळसा) ही भानगड नाही पण तो भरला की बदलावा लागतो. आरओचं म्हणाल तर औषध नष्ट होत नाही, रिजेक्टमध्ये, म्हणजे आरओ बाहेर टाकतो त्या पाण्यात, जाऊन बसतं.

स्वित्झर्लंडने २०१६ पासून निवडक प्लांटना ठरावीक औषधं-रसायनं ८० टक्के काढणं कायद्याने बंधनकारक केलं, ओझोन नाहीतर कार्बन वापरून, त्यासाठी माणशी वर्षाला ९ फ्रँकपर्यंत आकार घेतात. पण त्यांचं आधीचं ट्रीटमेंट पक्कं होतं हो!

आपल्याकडे मला जास्त काळजी कारखान्यांची वाटते. हैदराबादजवळ पाटनचेरूला औषध कारखान्यांच्या सामायिक प्लांटमधून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडलं होतं, २००७ साली छापून आलंय, म्हणजे गोळी घेतलेल्या माणसाच्या रक्तात असतं त्याहून जास्त. ते कारखान्याच्या गेटच्या आतच अडवायला हवं, गटारात मिसळल्यावर फार महाग पडतं.

तुमच्या सोसायटीपुरतं सांगायचं तर ओझोनचं कोटेशन घ्यायच्या आधी आउटलेटचे मागच्या सहा महिन्यांचे बीओडी रिपोर्ट मागून घ्या, म्हणजे पाणी आधी नीट साफ होतंय का ते कळेल, आणि उरलेल्या गोळ्या कमोडमध्ये टाकू नका असं नोटीस बोर्डावर लावा.