बॅकस्पेसने पुसलेले अक्षर फाइलीत का उरते?

प्रश्न : येथील एका मराठी वाचनालयाची ग्रंथसूची आम्ही काही जण घरून, दूरच्या लिनक्स सर्व्हरवर एसएसएचने, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या जोडणीने, लॉगिन करून भरतो. कॅट हा आदेश देऊन शीर्षके थेट फाइलीत टंकताना चुकलेले अक्षर बॅकस्पेसने पुसले, की पडद्यावरून ते जाते. पण नंतर फाइल उघडली असता त्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. स्वतःच्या लिनक्स संगणकावर असे होत नाही. एन्क्रिप्शनमुळे देवनागरी बिघडते काय?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : एन्क्रिप्शनचा यात काहीही दोष नाही; आपण पाठवलेली प्रत्येक बाइट सर्व्हरवर जशीच्या तशी पोहोचते. दोष आहे तो टर्मिनलची, म्हणजे आदेश टंकण्याच्या खिडकीची, एक सेटिंग पलीकडे न पोहोचण्यात.

एसएसएचने लॉगिन केल्यावर आपला संगणक कळा केवळ पुढे पाठवतो, आणि ओळ जुळवणे, अक्षर पडद्यावर उमटवणे, बॅकस्पेसने पुसणे ही कामे सर्व्हरवरील आभासी टर्मिनल करते. त्यासाठी आपल्याकडील सेटिंग्ज त्याला सत्राच्या आरंभीच कळवाव्या लागतात. २००६ सालच्या आरएफसी ४२५४ या इंटरनेटच्या तांत्रिक मानकांच्या दस्तऐवजात त्याची रीत दिली आहे : टर्मिनलचा प्रकार, रुंदी आणि उंची यांच्यासोबत सेटिंग्जची एक सलग बाइटमालिका जाते, तीत प्रत्येक सेटिंगसाठी एका बाइटचा क्रमांक व त्यापाठोपाठ चार बाइटचे मूल्य असते, आणि शून्य क्रमांक आला की मालिका संपते. उदाहरणार्थ, क्रमांक ३ म्हणजे पुसण्याची कळ; तिचे मूल्य बहुधा १२७ असल्यामुळे ३, ०, ०, ०, १२७ अशा पाच बाइट जातात.

आपल्या अडचणीशी संबंध आहे तो क्रमांक ४२ चा. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते. ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४. टर्मिनलला हे ठाऊक नसेल, तर एका बॅकस्पेसला ते शेवटची एकच बाइट काढते, पडद्यावरील एक घर (एका चिन्हाची जागा) पुसते, आणि उरलेल्या दोन बाइट फाइलीत जातात. लिनक्समध्ये यावर आययूटीएफ८ नावाची सेटिंग २००४ पासून आहे, परंतु एसएसएचच्या मूळ यादीत तिला क्रमांकच नव्हता. तो, म्हणजे ४२, एप्रिल २०१७ च्या आरएफसी ८१६० ने दिला. मूळ रचनाकारांची दूरदृष्टी येथे खरोखर दिसते : १ ते १५९ या सर्व क्रमांकांचे मूल्य चारच बाइटचे असेल, असे त्यांनी आधीच ठरवून ठेवले होते, म्हणून अनोळखी ४२ आला तरी जुना सर्व्हर तेवढ्या बाइट ओलांडून पुढची सेटिंग बिनचूक वाचतो. मात्र ओलांडलेली सेटिंग लागू होत नाही, आणि आपल्याकडे नेमके हेच घडत असावे.

ओपनएसएसएच या एसएसएच चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये ही सोय २०१६ च्या ७.३ या आवृत्तीपासून आहे. दोन्ही टोकांना ती किंवा तिच्यानंतरची आवृत्ती हवी. लॉगिननंतर एसटीटीवाय हा टर्मिनलच्या सेटिंग्ज दाखवणारा व बदलणारा आदेश ‘-ए’ या पर्यायासह देऊन पाहावे. आययूटीएफ८ च्या आधी उणे चिन्ह दिसले, तर ती सेटिंग बंद आहे. त्याच आदेशापुढे उणे चिन्हाविना तिचे नाव लोअरकेसमध्ये लिहिले, की त्या सत्रापुरती ती सुरू होते. हा आदेश लॉगिन होताच आपोआप चालणाऱ्या फाइलीत कायमचा घालायचा असल्यास टर्मिनल जोडलेले आहे की नाही याची तपासणी आधी ठेवावी, कारण फाइली पाठवणाऱ्या स्वयंचलित सत्रांना टर्मिनल नसते आणि तेथे तो त्रुटी देतो. भाषेची लँग ही सेटिंग स्वतंत्र मार्गाने जाते. ती बदलून हा दोष जाणार नाही. बॅश शेलच्या (आदेश घेऊन चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) आदेश-ओळीवर तो सहसा जाणवत नाही, कारण तेथे ओळीचे संपादन शेल स्वतः करतो.

एक मर्यादा मात्र राहते. ‘कि’ हे अक्षर आपल्या दृष्टीने एक असले, तरी क आणि ऱ्हस्व वेलांटी ही दोन चिन्हे असल्यामुळे ते पुसण्यास दोन बॅकस्पेस लागतात, आणि टर्मिनल वेलांटीलाही वेगळे घर मोजत असल्याने पडद्यावरील कर्सर सरकू शकतो, फाइल शुद्ध असली तरीही. ग्रंथसूचीसारख्या कामासाठी म्हणूनच कॅटऐवजी यूटीएफ-८ जाणणारा एखादा संपादक, उदाहरणार्थ व्हिम, वापरावा.