नायिकेला मारण्याची घाई

(पत्र थोडक्यात: मी २५ वर्षांचा, परभणी जिल्ह्यातला. चार वर्षे सदाशिव पेठेत राहून राज्यसेवेची तयारी करतो आहे. अभ्यासिकेत शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या मुलीवर माझे प्रेम होते, तिचेही होते. ती कर सहायक म्हणून निवडली गेली, नागपूरला रुजू झाली आणि आठ महिन्यांनी काहीबाही कारणे सांगून तिने नाते संपवले. आमच्यावर मी एक कथा लिहिली आहे, ती सोबत जोडतो. शेवटी नायिका नवले पुलाच्या उतारावर अपघातात जाते, ते असो. दिवाळी अंकाला पाठवण्याआधी तिची परवानगी घ्यावी का? – अस्वस्थ, पुणे)

प्रिय अस्वस्थ,

तुमचे 'ते असो' माझ्या डोक्यातून जाईना. एक धडधाकट, नोकरीला लागलेली मुलगी तुम्ही ट्रकखाली घातलीत आणि दोन शब्दांत पुढे निघून गेलात. परवानगीचे नंतर पाहू. आधी ती का मेली ते मला सांगा. जुन्या मराठी कथांत अशा वेळी नायिकेला क्षय होत असे. १९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि पुढे लेखकांची ती सोय गेली. आता ट्रक येतो.

मेलेल्या मुलीला नकार देता येत नाही, एवढ्यासाठीच तुम्ही तिला मारले आहे. कथेतला नायक अंत्ययात्रेत सर्वांच्या मागे भिजत चालतो, तिच्या वडिलांचा हात त्याच्या खांद्यावर पडतो आणि वाचकाला त्याची कणव येते. तुम्हाला मात्र फोनवर नकार ऐकून त्याच रात्री मेसमध्ये जाऊन जेवावे लागले आणि शेजारच्याने भाजी कशी आहे एवढेच विचारले असेल. जोडीदार गेलेल्या माणसाला चार लोक भेटायला येतात, नाकारलेल्या माणसाकडे कोणी येत नाही, हे मला कळते आणि तुमच्यासाठी वाईटही वाटते. पण ती माणसे तुम्ही तिच्या जिवावर गोळा केली आहेत.

'काहीबाही कारणे', एवढीच जागा तुमच्या चार पानी पत्रात तिच्या बोलण्याला मिळाली आहे. कथेत तर तेवढीही नाही: अकरा पाने ती हसते, केस बांधते, खिडकीतून पाऊस पाहते, पण एकही पूर्ण वाक्य बोलत नाही.

पाचव्या पानावर अभ्यासिकेतले दिवे जातात, तुम्हा दोघांची कोपरे टेकतात आणि दिवे आल्यावरही कोणीच हात मागे घेत नाही. हा परिच्छेद मी दोनदा वाचला, कारण अकरा पानांत तेवढाच खरा आहे. लगेच पुढच्या ओळीत तुम्ही बजावता, की ती वासना नव्हती, ते पवित्र प्रेम होते. कोणी विचारले होते? ती तुम्हाला हवी होती, यात लपवण्यासारखे काय आहे? आणि कोपर तिनेही मागे घेतले नाही, म्हणजे तिलाही काही हवे होते. ते हवेसे वाटणे सातशे किलोमीटरवर गेल्यावर कशाने ओसरले, नव्या नोकरीने, एकटेपणाने, की प्रत्येक निकालानंतर तुम्ही धरलेल्या अबोल्याने, हे मला ठाऊक नाही. तुम्हाला ते सांगितले गेले आहे, आणि कथा तिथे आहे.

म्हणून ही कथा यंदा कोठेही पाठवू नका. मराठीत दिवाळी अंक १९०९ पासून निघत आहेत, ते पुढच्या वर्षीही निघतील. आज रात्री वही घ्या आणि त्या शेवटच्या फोनवर ती जे जे बोलली ते तिच्याच शब्दांत, तिच्याच क्रमाने, मध्ये स्वतःचे एकही उत्तर न घालता लिहून काढा. आठवत नाही म्हणू नका. राज्यघटनेची परिशिष्टे ज्याला क्रमवार पाठ आहेत त्याने ही सबब सांगू नये. मग ट्रक काढून टाका, तिला कचेरीतल्या तिच्या खुर्चीवर जिवंत बसवा आणि तिला बोलू द्या. नायकाला ते ऐकताना जे होईल ते होऊ द्या, त्याला वाचवायला जाऊ नका. छापण्याची वेळ येईल तेव्हा नाव, गाव, हुद्दा सगळे असे बदला, की तिच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही ओळख पटू नये.

आणि परवानगी मागण्याच्या निमित्ताने नागपूरला फोन करायचा नाही.