टोपणनावाने लिहिणाऱ्या वकिलाने हद्द कुठे आखायची? माझा अनुभव

तुझा प्रश्न सकाळी कोर्टात जाताना वाचला आणि दिवसभर डोक्यातून गेला नाही. तीन वर्षांची प्रॅक्टिस, जिल्हा कोर्ट, आठ महिन्यांपासून टोपणनावाने कोर्टातले अनुभव लिहितेयस, वाचक वाढलेत, आणि परवा बाररूममध्ये एकाने चहा पिता पिता तुझीच पोस्ट मोठ्याने वाचून दाखवली आणि "हा कोणीतरी आपल्याच कोर्टातला दिसतोय" म्हणाला तेव्हा तुझे हातपाय गार पडले. आता ओळख पटू नये म्हणून काय करायचं, स्वतःबद्दल किती लिहायचं, अशिलांबद्दल किती, असं त्या क्रमाने विचारलंयस, आणि शेवटी पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालच्या, एका मॅटरवरची पोस्ट तयार आहे ती टाकू का. मी सतरा वर्षं प्रॅक्टिस करतेय, त्यातली नऊ वर्षं टोपणनावाने लिहितेय, म्हणून जरा लांबलचक लिहिते, आणि वयाने मोठी आहे म्हणून अगंतुगं करते, राग मानू नकोस.

तुझा क्रमच मला आधी उलटा करायचाय. तुला भीती वाटतेय ती तू सापडशील याची. मलाही पहिली तीन-चार वर्षं तीच होती, स्वतःचं नाव, तालुका, कॉलेज सगळं इतकं जपायचे, आणि चूक झाली ती भलतीकडेच.

माझ्याकडे वाटपाचा एक दावा होता. साठीची बाई, वडिलांच्या जमिनीत हिस्सा मागत होती, समोर सख्खा भाऊ. मध्यस्थीच्या तारखेला येताना तिने भावासाठी स्टीलच्या छोट्या डब्यात शेंगदाण्याची चटणी आणली होती, त्याला आवडते म्हणून. बोलणी फिसकटली, भाऊ उठून गेला, आणि ती तो डबा माझ्या टेबलावर ठेवून निघून गेली. मला त्या रात्री झोप आली नाही आणि मी लिहिलं. नाव बदललं, गाव बदललं, जमिनीचं दुकान केलं, थोरलीची धाकटी केली. मला वाटलं झालं, आता कोण ओळखतंय. डबा तेवढा ठेवला कारण सगळी गोष्ट त्या डब्यातच होती. आणि एक वाक्य ठेवलं, तिने चेंबरमध्ये मला सांगितलेलं, की "पाव हिस्सा दिला तरी मी सही करीन हो, पण त्याने तोंडाने द्यावा."

पोस्ट खूप फिरली. पुढच्या तारखेला बाई आली, फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "वकीलताई, हा डबा माझाच ना?" सुनेला कुठल्याशा ग्रुपवर आलेली, तिने छान आहे म्हणून सासूला वाचून दाखवलेली. चिडली नव्हती. एवढंच म्हणाली की पाव हिश्श्याचं मी घरातही कोणाला बोलले नव्हते.

आता तू वकील आहेस, तुला सांगायला नको की त्या एका वाक्याने काय झालं असतं. मॅटर पेंडिंग, माझी अशील किती खाली यायला तयार आहे ते मी स्वतः जगाला सांगून बसलेले. समोरच्याने वाचलं नाही, निदान तसं कधी जाणवलं नाही, पण तो योग होता, माझी काळजी नव्हती. मी तिला सगळं खरं सांगितलं, पोस्ट काढली, वकीलपत्र काढून दुसऱ्या कोणाला द्यायचं असेल तर आत्ता एनओसी देते म्हटलं. तिने नाही काढलं. पोस्ट मात्र फॉरवर्ड होऊन कुठे कुठे गेली ती कायमचीच, ती काय परत येणार.

तेव्हापासून माझी हद्द माझ्या नावाभोवती नाही, अशिलाभोवती आहे. परीक्षा एकच, ती व्यक्ती हे वाचेल तेव्हा स्वतःला ओळखेल का. लोक ओळखतील का असं नाही, ती स्वतः. ओळखणार असेल तर टाकायचं नाही, मग कितीही चांगलं उतरलेलं असो. आणि चेंबरमध्ये ऐकलेलं वाक्य तर कधीच नाही, बदलून सुद्धा नाही.

हे माझ्या मनाचं नाहीये, कायदाच तसा आहे. पूर्वी एव्हिडन्स ॲक्टचं कलम १२६ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमात ते १३२ झालं. अशिलाने कामाच्या ओघात सांगितलेलं, त्याच्या कागदपत्रांतलं आणि आपण त्याला दिलेला सल्ला, यातलं काहीही त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय उघड करता येत नाही, आणि काम संपलं तरी हे बंधन संपत नाही हे कलमाखालच्या स्पष्टीकरणातच लिहिलंय. बार कौन्सिलच्या नियमांत सतरावा नियम हेच सांगतो, तो मोडला की ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली तक्रार होऊ शकते, आणि तिथे नुसती समज देण्यापासून ते सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, जाण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. टोपणनावाला यात कुठेही सूट नाही.

तू म्हणशील ऑर्डर तर पब्लिक आहे, निकाल कोणीही वाचू शकतो, मग मी लिहिलं तर काय. मी पण हाच युक्तिवाद स्वतःशी करायचे. एक प्रयोग कर. तुझी कुठलीही जुनी पोस्ट घे, त्यातून कोर्ट साधारण कुठलं, दाव्याचा प्रकार काय आणि निकाल कधीचा एवढंच कागदावर काढ आणि ई-कोर्ट्सच्या, म्हणजे कोर्टांतल्या केसेसची माहिती देणाऱ्या सरकारी, साइटवर जा. तिथे पक्षकाराच्या नावाने शोधता येतं, वकिलाच्या नावाने येतं, ऑर्डरच्या तारखेने पण येतं. आज युक्तिवाद केला आणि रात्री दहाला पोस्ट टाकली तर त्या दिवशीचा बोर्ड, म्हणजे सुनावणीच्या केसेसची यादी, उघडून पाच-सात मॅटर्समधून तुझं काढायला बाररूममधल्या माणसाला चहा संपायच्या आत जमेल. आणि एकदा मॅटर सापडलं की वकील म्हणून तुझं नाव तिथेच लिहिलेलं आहे. म्हणजे अशील झाकलं तर तू आपोआप झाकली जातेस, उलटं होत नाही.

अमेरिकेत यावर त्यांच्या बार असोसिएशनचं २०१८ सालचं एक मत आहे, ४८० नंबरचं, खास वकिलांच्या ब्लॉगबद्दल. त्यात साफ म्हटलंय की माहिती कोर्टाच्या रेकॉर्डवर आहे म्हणून ती गोपनीयतेतून सुटत नाही, आणि "समजा एक अशील होता" असं काल्पनिक करून लिहिलं तरी ओळख पटण्याची वाजवी शक्यता असेल तर तो भंगच. आपल्यावर ते बंधनकारक नाही, पण विचार मला शंभर टक्के पटतो. त्याच्या आधी इलिनॉयमध्ये एका सरकारी बचाव वकील बाईंची एकोणीस वर्षांची नोकरी ब्लॉगमुळे गेली आणि २०१० मध्ये ६० दिवस प्रॅक्टिस बंद झाली. अशिलांचं पहिलं नाव किंवा जेलमधला नंबर असं काहीतरी पोस्टमध्ये राहिलं होतं.

आता तुझ्या नावाबद्दल. कधी ना कधी ते फुटणार असं धरूनच लिही. इंग्लंडमध्ये 'नाइटजॅक' नावाने एक पोलीस डिटेक्टिव्ह लिहायचा, २००९ मध्ये त्याला ऑर्वेल प्राइझ मिळालं, आणि दोन महिन्यांत एका मोठ्या पेपरने नाव छापायचं ठरवलं. तो हायकोर्टात गेला, तर जज म्हणाले ब्लॉग लिहिणं हे मुळातच सार्वजनिक काम, त्यात नाव गुप्त राहील अशी अपेक्षा धरता येत नाही. मनाई मिळाली नाही, नाव छापून आलं, खात्याकडून लेखी ताकीद मिळाली. पेपरच्या बातमीदाराने त्याच्या ईमेलमध्ये घुसून नाव काढलं होतं हे नंतर बाहेर आलं आणि नुकसानभरपाईही मिळाली, पण लिहिणं तोवर बंद पडलेलं.

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा साल पेरिकोन तर आपल्याच धंद्यातला, केंद्राचा सरकारी वकील. बातम्यांखाली टोपणनावाने कमेंट करायचा, त्याचं ऑफिस ज्या मॅटर्समध्ये होतं त्यांच्यावर सुद्धा. ज्याच्या मागे तपास लागला होता त्या धंदेवाल्याने भाषातज्ज्ञ लावला आणि कमेंटमधले 'डुबायटी', 'रीडाउट' असे सहसा कोणी न वापरणारे शब्द सरकारी कागदांतल्या शब्दांशी जुळवून २०१२ मध्ये त्याला पकडलं. पुढे डॅन्झिगर पुलावरच्या गोळीबारात पोलिसांना झालेल्या शिक्षा या कमेंट्सच्या कारणाने २०१३ मध्ये रद्द होऊन फेरसुनावणीचा हुकूम झाला. म्हणजे मेलेल्या माणसांच्या घरच्यांना सगळं पुन्हा. २०१८ मध्ये त्याचा परवाना गेला. मी हे वाचलं तेव्हा आधी माझे युक्तिवाद आणि माझ्या पोस्ट शेजारी शेजारी ठेवून वाचल्या, आणि "किंबहुना" दोन्हीकडे प्रत्येक पानावर सापडलं. तू पण बघ, प्रत्येकीची अशी दोन-चार लाडकी वळणं असतात.

आणि ओळख बहुतेक वेळा मशीन फोडत नाही, माणूस फोडतो. २०१३ मध्ये एका जगप्रसिद्ध लेखिकेचं टोपणनाव कोणी फोडलं, तर तिच्याच सॉलिसिटरने, बायकोच्या मैत्रिणीला विश्वासात सांगून. त्याला हजार पौंड दंड झाला. तेव्हा कोणाला सांगायचं ते आजच ठरव. माझ्या बाबतीत दोघांनाच माहीत आहे, नवऱ्याला आणि माझ्या सिनियरांना. सिनियरांना मुद्दाम सांगितलं, कारण उद्या काही झालं तर त्यांच्या चेंबरवर येणार आणि ते त्यांना बाहेरून कळणं बरोबर नाही. चेंबरच्या कंप्युटरवर आणि ई-फायलिंगच्या मेलवरून काहीही लिहायचं नाही. लिहिलेलं त्या आठवड्यात टाकायचं नाही, माझं तर मॅटर पूर्ण संपून अपिलाची मुदत गेली तरी वर दोन वर्षं थांबायचं असं आहे, आणि खरं सांगू, दोन वर्षांनी त्यातलं निम्मं टाकावंसंच वाटत नाही.

जजेसबद्दल थोडक्यात. एखाद्या निकालावर, पद्धतीवर सडकून लिही, निकाली निघालेल्या मॅटरच्या गुणदोषांवर योग्य टीका म्हणजे अवमान नाही हे १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्याच्या कलम ५ मध्येच आहे. पण ज्यांच्यापुढे रोज उभी राहतेस त्यांच्या सवयी, तब्येत, घरचं, आवाज, यावर एक ओळही नको. सुप्रीम कोर्टातले वकील प्रशांत भूषण यांना न्यायाधीशांवरच्या ट्वीट्समुळे अवमानासाठी २०२० मध्ये एक रुपया दंड झाला म्हणून लोकांना ते हलकं वाटतं, कायद्यात मात्र सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि त्यांनी स्वतःच्या नावाने, तयारीने लिहिलं होतं.

स्वतःबद्दल मी थकवा लिहिते, पहिल्या उलटतपासात पाय कसे थरथरले ते लिहिते, बाररूममध्ये बायकांसाठी धड बाथरूम नाही ते लिहिते. मुलं, सासर, आजारपण, यातलं काही नाही, ते माझ्या एकटीचं नाहीये. आणि वाचकांच्या मेलचं आत्ताच ठरव, कारण तो त्रास सगळ्यात जास्त होतो. रात्री साडेअकराला कोणीतरी बाई लिहिते की नवऱ्याने घराबाहेर काढलंय, काय करू. दुर्लक्ष करवत नाही. पण टोपणनावाने सल्ला द्यायचा म्हणजे तिला माहीत नाही वकील कोण, आपल्याला माहीत नाही समोरचा पक्ष कोण, उद्या तो आपल्याच चेंबरचा अशील निघायचा. मी तिची हकीकत वाचत बसत नाही, एकच ठरलेलं उत्तर पाठवते, तालुका किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, बाईमाणसाला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, आणि मारहाण असेल तर ११२ आणि १८१ हे नंबर. "मॅडम तुम्हीच केस घ्या" याला कायम नाही. टोपणनावाने मिळवलेली लोकप्रियता मागच्या दाराने कामात वळवली की बार कौन्सिलच्या छत्तिसाव्या नियमाच्या, म्हणजे जाहिरात आणि काम मागण्यावरच्या बंदीच्या, अंगावर जातेस.

आपल्याकडे हे नवीन नाही गं. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत असताना १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये 'लोकहितवादी' या नावाने पत्रं लिहीत होते, आणि लिहिलं काय, तर रूढी, शिक्षण, समाजाचा आळस. टोपणनाव घेऊन त्यांनी कोणा एकाचं घर उघडं केलं नाही, म्हणून ती पत्रं आजही वाचता येतात.

आता ती पोक्सोची पोस्ट. नको टाकूस. नाव-गाव बदललंयस हे कळलं, पण पोक्सोच्या कलम २३ मधल्या मनाईत फक्त नाव नाही, पत्ता, घरचे, शाळा, शेजार, ओळख पटेल असा कुठलाही तपशील आहे, आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ वेगळं, तिथे दोन वर्षांपर्यंत शिक्षा. आणि कायदा बाजूला ठेव, ते मूल पाच-सहा वर्षांनी स्वतः फोन वापरेल तेव्हा ती पोस्ट तिथेच असेल. पण तू जे लिहिलंयस त्यातला मधला भाग वेगळा काढ. साक्षीच्या वेळी मुलाला आरोपी दिसणार नाही अशी सोय कोर्टाने करायची असते, विश्वासातलं माणूस जवळ बसू शकतं, वारंवार साक्षीला बोलवायचं नसतं, कोर्टाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाचा पुरावा नोंदवायचा असतो. हे कुठल्याही आईबापांना कोणी नीट मराठीत सांगत नाही, ते तारखेच्या आदल्या रात्री आपल्याला फोन करून रडत असतात. तो भाग कुठल्याही मॅटरचा उल्लेख न करता लिही, आणि टाकायच्या आधी मला दाखवावासा वाटला तर दाखव, शनिवारी दुपारनंतर मी मोकळी असते.