जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड लॅबमध्ये कशाला लागतं?

तुम्ही विचारलंय की जखमेवर ओततात तेच ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड रिसर्च लॅबच्या फ्रीजमध्ये दिसलं, ते तिथे जंतू मारायला ठेवतात का, आणि ती साधी बाटली प्रयोगाला चालते का. जंतू मारणं हे त्याचं तिथलं अगदी शेवटचं काम हो. मी टिश्यू स्टेनिंग पण केलंय आणि सेल कल्चर (पेशी डिशमध्ये वाढवणं) पण, आणि दोन्हीकडे या पाण्यासारख्या दिसणाऱ्या गोष्टीने मला रडवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात जास्त लागतं ते आयएचसीला, म्हणजे टिश्यूच्या पातळ सेक्शनवर अँटीबॉडी टाकून एखादं प्रोटीन नेमकं कुठे आहे ते बघायचं. अँटीबॉडी काही दिसत नाही, म्हणून तिला एचआरपी नावाचं एन्झाइम जोडलेलं असतं, त्याला डीएबी नावाचं रंग देणारं रसायन आणि पेरॉक्साइड दिलं की तिथल्या तिथे तपकिरी रंग साचतो. घोळ असा की टिश्यूत स्वतःची पेरॉक्सिडेज असतात, लाल पेशींमधलं हिमोग्लोबिनसुद्धा थोडंफार तेच काम करतं, त्यामुळे प्लीहा किंवा बोन मॅरो घेतलं की जिथे अँटीबॉडी बसलेलीच नाही तिथेही तपकिरी. म्हणून आधी स्लाइड ३ टक्के पेरॉक्साइडमध्ये १० मिनिटं वगैरे ठेवून ही घरची एन्झाइम मारून टाकायची, याला आम्ही क्वेंचिंग म्हणतो.

आता ज्या पेरॉक्साइडवर एन्झाइम चालतं त्यानेच ते मरतं कसं, इथे मी पण अडकले होते. तर एन्झाइमला पेरॉक्साइडच्या जोडीला इलेक्ट्रॉन देणारं कुणीतरी लागतं, रंगाच्या वेळी डीएबी ते देतं, पण तसं कुणी नसताना नुसतं पेरॉक्साइड भरमसाट आलं की एन्झाइम मधल्याच अवस्थेत अडकून कायमचं खराब होतं. रंगाच्या मिश्रणात पेरॉक्साइड असतं जेमतेम ०.०१ ते ०.०३ टक्के, म्हणजे फरक शंभर ते तीनशे पटीचा. एकदा माझी प्रायमरी अँटीबॉडी (थेट प्रोटीनला चिकटणारी) न टाकलेली कंट्रोल स्लाइडच तपकिरी आली, आठवडाभर मी सेकंडरी अँटीबॉडीला (प्रायमरीला चिकटणारी, एचआरपी जोडलेली) शिव्या घातल्या, मग लक्षात आलं की क्वेंचिंगला स्लाइडवर एकही बुडबुडा येत नव्हता. बाटली महिनोन्‌महिने उघडी-बंद होत होती, आत उरलं होतं नुसतं पाणी! उलटा त्रास फ्रोझन सेक्शनला, बुडबुड्यांनी टिश्यूच उचलला जातो, म्हणून तिथे बरेच जण मिथेनॉलमध्ये ०.३ टक्के वापरतात. आणि काही प्रोटीनची अँटीबॉडी बसायची जागाच पेरॉक्साइडने बिघडते, तेव्हा क्वेंचिंग प्रायमरीनंतर करायचं, फक्त एचआरपीवाली अँटीबॉडी टाकायच्या आधी.

एलायझा आणि वेस्टर्न ब्लॉट या प्रोटीन शोधायच्या आणखी दोन पद्धती, एलायझाचा निळा रंग आणि ब्लॉटचा उजेड, दोन्ही एचआरपी-पेरॉक्साइड याच जोडीचा खेळ, तिथे डीएबीच्या जागी टीएमबी किंवा ल्युमिनॉल असतं एवढंच. मायक्रोबायोलॉजीवाले कॅटालेज (पेरॉक्साइड फोडून ऑक्सिजन सोडणारं एन्झाइम) टेस्टला वापरतात, थेंबात फेस आला तर स्टॅफिलोकोकस, नाही आला तर स्ट्रेप्टोकोकस जिवाणू असा पहिला अंदाज. जिवाणूंची कॉलनी ब्लड अगारवरून (रक्त घातलेल्या प्लेटवरून) उचलली असेल तर जपून, रक्तातही कॅटालेज असतं, फेस त्याचाही येतो.

सेल कल्चरमध्ये मात्र टक्क्यांची भाषाच सोडून द्यायची. तिथे पेशींना ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस द्यायला साधारण १०० ते ५०० मायक्रोमोलर (मोलरचा दहा लाखावा भाग) लागतं, आणि ३ टक्के म्हणजे ०.८८ मोलर, म्हणजे २०० मायक्रोमोलर हे त्याच्या चार हजार पटीहून पातळ. माझ्या पेशी एकदा ५०० ला पण मजेत होत्या. कारण मीडियममध्ये (पेशी वाढवायच्या द्रवात) सोडियम पायरुवेट होतं, ते पेरॉक्साइडशी स्वतःच रिअ‍ॅक्ट होऊन ते संपवतं, बिचाऱ्या पेशींपर्यंत काही पोचलंच नाही. पेशी दाट असल्या तरी तसंच, त्यांच्याकडचं कॅटालेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज मिळून ते झपाट्याने फस्त करतात, त्यामुळे दुसऱ्याच्या पेपरमधला आकडा जसाच्या तसा उचलू नका, आपल्या पेशींवर आपला डोस काढा. हा एकदाच बसणारा धक्का असतो, थोडं थोडं सतत हवं असेल तर मीडियममध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज टाकतात, ते ग्लुकोजपासून पेरॉक्साइड बनवत राहतं.

डायल्यूशन त्याच दिवशी करायचं, आणि लेबलवर विश्वास नसेल तर २४० नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजायचं, १० मिलिमोलरचं रीडिंग १ सेंटीमीटर क्युव्हेटमध्ये ०.४४ च्या आसपास यायला हवं. नाही आलं तर बाटली बदला. झाकण गच्च लावू नका, आत ऑक्सिजन साठत जातो.

राहिली तुमची जखमेची बाटली. ताजी असेल तर स्लाइडच्या क्वेंचिंगला खुशाल वापरा, मी वापरलीय. पेशींवर नको, टिकावं म्हणून तिच्यात स्टॅबिलायझर घातलेले असतात आणि मग पेशी कशाने मेल्या ते सांगता येत नाही.