भायखळ्याची शाळा देवळालीत कशी?

प्रश्न : ताई, माझे आजोबा देवळालीच्या बार्न्स शाळेचे कपडे धुवायचे. आजी मात्र शेवटपर्यंत तिला 'भायखळ्याची कॉन्व्हेंट' म्हणायची. यात भायखळा कुठून आलं? आणि साहेबांची श्रीमंत पोरं इथं माळावर आणून ठेवायचं कारण काय? आजीच्या पेटीत एक उशीचा अभ्रा सापडला. त्यावर लाल दोऱ्यानं ४७ आकडा काढलाय. तो कशाचा?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : आजीचं भायखळा बरोबर, कॉन्व्हेंट तेवढं चूक. कॉन्व्हेंट कॅथलिक नन्सची. बार्न्स अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या चर्चची. पण आपल्याकडे टाय लावलेलं पोर दिसलं की शाळा कॉन्व्हेंटच! पाचगणीच्या एका वसतिशाळेत मी एकवीस वर्षं मेट्रन होते. तिथं नन औषधालासुद्धा नव्हती, तरी भाजीवाला मला 'सिस्टर' म्हणायचा. तसं आता 'अँग्लिकन'ही जुनंच झालं. १९७० साली ते चर्च आणखी काही प्रॉटेस्टंट चर्चांबरोबर 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'त विलीन झालं.

आता श्रीमंतांचं. मुंबईचे पहिले आर्चडीकन (बिशपच्या हाताखालचे वरिष्ठ पाद्री) जॉर्ज बार्न्स यांनी १८१५ साली एक सोसायटी काढली. तिच्या लांबलचक इंग्रजी नावात 'गरिबांचं शिक्षण' हे शब्दच होते. पुढे तीच बॉम्बे एज्युकेशन सोसायटी. गोरे शिपाई तापानं, पटकीनं पटापट मरत. मागं राहिलेल्या पोरांना ना इथं कोणी, ना विलायतेत. त्यांच्यासाठी ही धर्मादाय शाळा. सुरुवात मुंबईच्या कोटात, म्हणजे आजच्या फोर्टात, मग भायखळ्याला. शिक्षक कमी, म्हणून मोठ्या मुलांनी धाकट्यांना शिकवायचं, अशी पद्धत होती. हॉस्टेलात ती अजूनही चालते, फक्त तिला पद्धत म्हणत नाहीत.

याच सोसायटीनं १८२० मध्ये एतद्देशीय मुलांच्या शाळा आणि पुस्तकांसाठी एक कमिटी नेमली. दोन वर्षांत ती वेगळी झाली आणि तिच्यातून उभ्या राहिलेल्या संस्थेनं मराठी शालेय पुस्तकं छापली. सदाशिव काशीनाथ छत्रे, बाळशास्त्री जांभेकर तिथंच काम करत. तेव्हा आपल्या क्रमिक पुस्तकांचं एक मूळ या पाद्र्यांच्या अनाथ शाळेपाशी जातं. मला ही गोष्ट त्या साऱ्या इमारतींपेक्षा मोठी वाटते.

पुढे भायखळा गिरण्यांनी आणि चाळींनी वेढलं गेलं. राहणाऱ्या मुलांना मोकळी हवा हवी, म्हणून देवळालीचा माळ निवडला. रेल्वे होती, लष्कराची छावणी आधीपासून होती. १९२५च्या जानेवारीत शाळा सुरू झाली, बार्न्ससाहेबांचं नाव घेऊन. तोवर पटावर मुख्यतः अँग्लो-इंडियन पोरं होती. भायखळ्याला क्लेअर रोडवर सोसायटीची क्राइस्ट चर्च शाळा राहिली. म्हणून जुनी माणसं 'भायखळ्याची' म्हणत असणार.

राहता राहिला अभ्रा. वसतिशाळेत पोराला नावाआधी नंबर मिळतो. चादर, मोजे, टॉवेल, सगळ्यावर तोच. पोरं घरून येतात तेव्हा आयांनी रात्र जागून टाके घातलेले असतात, आणि पहिल्याच आठवड्यात निम्मे मोजे दुसऱ्याच्या कपाटात सापडतात! तर ४७ हा बहुधा कुणा पोराचा नंबर.

पण धोब्याची खूण वेगळी. परटाकडे बिब्बा असे. त्याच्या रसाचा ठिपका दिला, वर चुना लावला की काळा डाग कायमचा. कितीही धुवा, जात नाही. प्रत्येक परटाची खूण निराळी. अभ्रा उलटा करून शिवणीजवळचा कोपरा उजेडात धरा. तिथं काळे ठिपके दिसले, तर ते तुमच्या आजोबांच्या हातचे असू शकतील. आणि कृपा करून त्याला ब्लीच लावू नका. लाल दोरा टिकणार नाही.