मंडळावर जाण्याआधी

प्रिय मुली,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

मडगावजवळच्या त्या संस्थेने तुला कार्यकारिणीवर बोलावलं हे ऐकून फार आनंद झाला. संध्याकाळचे वर्ग, मुलींचं छोटं वसतिगृह, आजाऱ्यांच्या घरभेटी, हे काम टिकायला हवं. म्हणूनच जरा लांबलचक लिहितोय. ‘तीन महिन्यांतून एकदा यायचं, प्रार्थना करायची, सही करायची,’ असं तुला कुणी सांगितलं असेल तर ते मनातून काढून टाक. संस्थापक ब्रदर रोजचं काम चालवतात, पण कायद्यापुढे उत्तर द्यायचं असतं ते तुम्ही मंडळावरच्या सात-नऊ जणांनी. पोरींच्या वसतिगृहाची कौलं गळाली, पगार थकले, नोटीस आली, तर ‘मला कुणी सांगितलंच नाही’ हे उत्तर चालत नाही.

ख्रिस्ती संस्था बहुतेक वेळा चोरीमुळे बुडत नाहीत, भिडेमुळे बुडतात. ब्रदरनी आयुष्य वेचलंय, त्यांना पावती कशी मागायची? प्रश्न विचारला की विश्वास कमी आहे असं वाटतं. पण यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली मदत न्यायची होती तेव्हा पौल काय करतो ते करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रातल्या आठव्या अध्यायात पाहा. पैसे एकट्याने नेत नाही. ख्रिस्ती मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतो आणि कारणही सांगतो: कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये, देवापुढे आणि माणसांपुढेही काम चोख असावं. पौलाला हे करावंसं वाटलं, मग आपल्या ब्रदरना त्यात अपमान का वाटावा? तू हिशेब विचारशील तेव्हा त्यांच्या नावाचं रक्षणच करत असशील. हे त्यांना पहिल्याच भेटीत, एकांतात, आदराने सांग. बैठकीत चारचौघांत पहिला प्रश्न टाकून त्यांना दचकवू नकोस.

होकार कळवण्याआधी पाच कागद मागून घे: नोंदणीचा दाखला, संस्थेची घटना आणि नियमावली, मागच्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट, गेल्या वर्षभराची इतिवृत्तं आणि बँक खात्यांची यादी. घटना बहुधा इंग्रजीत असते आणि अर्ध्या सभासदांनी ती वाचलेली नसते. तू ती मराठीत किंवा कोकणीत सगळ्यांना समजावून सांगितलीस तरी पहिल्या वर्षाचं मोठं काम झालं. त्यात तीन गोष्टी शोध: गणपूर्तीला किती जण लागतात, मंडळाची मुदत किती वर्षांची, आणि एकाच घरातले किती जण मंडळावर बसू शकतात. महाराष्ट्रातून आलेले लोक इथेही धर्मादाय आयुक्ताचं नाव घेतात. तो आयुक्त ज्या १९५०च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली येतो, तो कायदा गोव्यात लागू नाही. तुझी संस्था १८६०च्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेली आहे. वार्षिक सभेनंतर चौदा दिवसांत नव्या मंडळाची यादी रजिस्ट्रारकडे जायला हवी. ती वर्षानुवर्षं गेली नसेल तर बँक सह्या बदलून देताना अडवते, आणि नेमका तेव्हाच पगाराचा दिवस असतो.

आता पैशाचं, कारण तिथेच सगळ्यात जास्त चुकतं.

समज, खजिनदार सांगतात, “खात्यात नऊ लाख चाळीस हजार आहेत, प्रभूची कृपा आहे.” सगळे ‘आमेन’ म्हणतात आणि पुढचा विषय निघतो. तू तिथेच थांबव. त्यातले ७,१०,००० वसतिगृहाच्या छपरासाठी म्हणून आलेले असतात. देणगीदाराने छपरासाठी दिलेला पैसा पगाराला वापरणं म्हणजे त्याला दिलेला शब्द मोडणं, नंतर भरून टाकू म्हटलं तरीही. हातात मोकळे उरतात २,३०,०००. महिन्याचा खर्च १,१५,००० असेल तर संस्थेकडे फक्त दोन महिने आहेत. म्हणून दर बैठकीत एकच पान माग, चार रकाने असलेलं: एकूण शिल्लक, विशिष्ट कामासाठी बांधलेली रक्कम, मोकळी रक्कम, आणि ती किती महिने पुरेल. मोकळी रक्कम तीन महिन्यांच्या खाली गेली की नवं काम सुरू करायचं नाही, असा ठराव करून ठेवा. सहा महिन्यांची गंगाजळी असेल तर शांत झोप लागेल.

सह्यांचं नीट बघ. चेकवर दोघांच्या सह्या हव्यात हा नियम जवळजवळ सगळीकडे असतो, आणि तो मोडतोही एकाच रीतीने. दुसरी सही करणारा तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, असतो. सहा-नऊ महिन्यांसाठी जहाजावर जायच्या आदल्या दिवशी तो दहा कोऱ्या चेकांवर सह्या करून जातो. त्या क्षणापासून दोन सह्यांचा नियम कागदावरच राहतो. अशा सदस्याच्या जागी तिसरा सहीदार आधीच ठराव करून बँकेत नोंदवायचा. मोबाइलवरून होणारे व्यवहारही तपास: चेकला दोन सह्या, पण नेटबँकिंगचा ओटीपी एकाच फोनवर येत असेल तर काय उपयोग? एकाने व्यवहार भरायचा आणि दुसऱ्याने मंजूर करायचा, अशी सोय बँकेकडून मागून घेता येते. आणि भिंतीवरचा क्यूआर कोड स्वतः स्कॅन करून नाव वाच. तिथे संस्थेचं नाव न येता कुणा व्यक्तीचं आलं, तर त्याच दिवशी तो कागद उतरवायला लाव.

अर्पणपेटी दोघांनी उघडायची, आणि ते दोघे एका घरचे नसावेत. मोजून झालं की नोटांचा तपशील वहीत लिहायचा, दोघांनी सही करायची आणि पुढच्या कामाच्या दिवशी रक्कम जशीच्या तशी बँकेत भरायची. त्यातूनच भाजी-गॅसचा खर्च करून उरलेलं भरण्याची सवय वाईट. अशाने जमा किती झाली हे कुणालाच कधी कळत नाही. रोख देणगी दोन हजारांवर गेली तर देणगीदाराला तिच्यावर आयकरात सवलत मिळत नाही, हेही पावती देणाऱ्याला माहीत हवं. आयकराची सूट टिकवायची तर वर्षाच्या उत्पन्नाचा ८५ टक्के भाग संस्थेच्या उद्देशांवर लागायला हवा. कमी लागला तर उरलेल्याचं काय करणार हे मुदतीत कळवावं लागतं. म्हणून फेब्रुवारीतच सीएबरोबर एकदा बसा. एप्रिलमध्ये बसून काही हाती लागत नाही.

यापुढचं नीट वाच, कारण गोव्यातल्या संस्थांना हा फटका चटकन बसतो. डिसेंबरात आणि मे महिन्यात परदेशातले गोंयकार घरी येतात, मनापासून देतात. त्यांच्यातले पुष्कळ जण पोर्तुगीज पासपोर्टवर आहेत. भारताचं नागरिकत्व सोडलेल्या माणसाची देणगी म्हणजे परदेशी देणगी, मग ती त्याने मडगावात, रुपयांत, हातात ठेवली तरी. भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं ओसीआय कार्ड असल्याने फरक पडत नाही. समुद्रकिनाऱ्यावरून प्रार्थनेला आलेल्या परदेशी पाहुण्याने पेटीत टाकलेली नोटही त्यातलीच. संस्थेकडे २०१०च्या परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर हा पैसा घेताच येत नाही. नोंदणी असेल तर तो फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यात यायला हवा. २०२०च्या दुरुस्तीनंतर त्यातला जास्तीत जास्त २० टक्के प्रशासकीय खर्चाला वापरता येतो, आणि दुसऱ्या संस्थेला तो पुढे देता येत नाही, ती कितीही जवळची असली तरी. वार्षिक विवरणाची शेवटची तारीख ३१ डिसेंबर. नाताळच्या गडबडीत ती हमखास निसटते, म्हणून मंडळाने स्वतःची तारीख ३१ ऑक्टोबर धरावी.

याउलट भारतीय पासपोर्ट असलेला तारवटी किंवा आखाती देशातला कामगार आपल्या कमाईतून बँकेमार्फत पाठवतो, ती परदेशी देणगी नाही. ती निष्कारण परत पाठवून त्याचं मन दुखवू नये. पावतीबरोबर त्याच्या पासपोर्टच्या पानाची प्रत ठेवली की झालं. ज्यांची पोर्तुगीज नागरिकत्वासाठी फक्त जन्मनोंदणी लिस्बनला झाली आहे, पण पासपोर्ट अजून भारतीयच आहे, त्यांचं प्रकरण किचकट असतं. तिथे अंदाज नको, वकिलाचं लेखी मत घ्या.

जमिनीचंही गोव्यात वेगळं आहे. कुणी श्रद्धेने घर दान देतो म्हणाला तर आधी एक-चौदाचा उतारा (जमीन कुणाच्या नावावर, ताब्यात आहे त्याची सरकारी नोंद) पाहा आणि नवरा-बायको दोघांची संमती घ्या. इथल्या नागरी कायद्याप्रमाणे लग्नाआधी वेगळा करार नसेल तर मिळकत दोघांची असते. शिवाय मुलं असलेल्या माणसाला अर्ध्या मिळकतीपलीकडे मनाप्रमाणे देता येत नाही. पुढे वारस दानाविरुद्ध उभे राहू शकतात. आणि संस्थेच्या पैशाने घेतलेली जागा ब्रदरच्या नावावर असेल, अगदी चांगल्या हेतूने असली तरी, तो विषय तुझ्या पहिल्याच वर्षात मिटव. ब्रदर हयात असताना हे एका दस्ताने होतं. नंतर वारसांच्या दारात उभं राहावं लागतं.

वसतिगृहाबद्दल मी सौम्य बोलणार नाही. लहान मुलांच्या संस्थेची बाल न्याय कायद्याखाली नोंदणी आहे का, हे दाखला पाहून खात्री कर. कर्मचारी असोत की सुटीत येणारे स्वयंसेवक, पोलीस पडताळणीशिवाय कुणी आत नको. बंद खोलीत एक मोठा माणूस आणि एक मूल, असं कधीही नको, प्रार्थनेसाठीही नको. मुलीने अत्याचाराचं काही सांगितलं तर २०१२च्या पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या, कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘आधी आपण आपसात चौकशी करू, आपली ख्रिस्ती साक्ष बिघडेल, संस्थेचं नाव जाईल’ असं कुणीतरी म्हणेलच. न कळवणं हा गुन्हा आहे आणि संस्थेच्या प्रमुखाला त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. त्या पोरीने आपल्यावर विश्वास ठेवलेला असतो. १०९८ हा मुलांच्या मदतीचा (चाइल्डलाइन) नंबर वसतिगृहात मुलींना दिसेल अशा जागी लावलेला असावा, ऑफिसच्या कपाटात नको.

आपला गोवा लहान, त्यामुळे कंत्राटदार कुणाचा तरी मेहुणा निघतोच. त्यात पाप नाही, लपवण्यात आहे. ज्याचं नातं आहे त्याने ते सांगावं, चर्चेच्या वेळी बाहेर जावं, बाकीच्यांनी तीन दरपत्रकं पाहून ठरवावं आणि हे सगळं इतिवृत्तात यावं. इतिवृत्त लांबलचक नको. ‘चर्चा झाली’ असं लिहिण्यापेक्षा कोण, काय, किती रुपये, कोणत्या तारखेपर्यंत, एवढं लिहिलं की पुरे. तुझा विरोध असेल तर नावासकट नोंदवायला सांग.

आणखी एक, जरा नाजूक. अवघड विषय आला की कुणीतरी म्हणतं, “यावर प्रार्थना करू.” जरूर करा, पण पुढची तारीख ठरवून करा. तारखेवाचून प्रार्थनेला ठेवलेला विषय दोन वर्षं तसाच पडून राहतो, आणि त्याचं ओझं त्या कामातल्या सगळ्यात दुबळ्या माणसावर येतं.

ब्रदरची काळजी घेणं हेही मंडळाचंच काम. त्यांचा पगार ठरवून, लेखी, दर महिन्याला मिळावा. वर्षातून तीन आठवडे सुट्टी सक्तीची. आजारपणाचा विमा हवा. वर्षातून एकदा त्यांच्याशी निवांत बसून काय जड जातंय ते ऐका. दर बैठकीच्या शेवटी वीस मिनिटं ब्रदरशिवाय मंडळाने बसायचं, असा पायंडा आधीपासून असला तर त्यांना संशय वाटत नाही. एकदम एखाद्या दिवशी त्यांना बाहेर बसवलं तर जखम होते. पन्नाशी उलटलेल्या संस्थापकाबरोबर पुढचा माणूस कोण, हे बोलायला आजच सुरुवात करा.

दोनदा लेखी मागूनही हिशेब मिळाला नाही, तर तारीख टाकून राजीनामा दे, त्यात कारण लिही आणि पोच घे. नुसतं येणं बंद करू नकोस. तसं केलंस तर कागदोपत्री तू सदस्यच राहतेस.

माझा सलाम ब्रदरना आणि घरच्यांना सांग.

तुझा,
काका

ता. क. पहिल्या बैठकीला जाताना वही आणि कॅल्क्युलेटर ने. आणि बैठकीआधी अर्धा तास लवकर जाऊन वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात डोकाव. मुलींबरोबर बसून जेवलीस तर फारच उत्तम.