चाक टिकतं ते तारांच्या ताणावर : माउंटन बाइकविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या बहुतेक प्रश्नांमागे एकच शंका आहे : चाकं घ्यायची तर कोणत्या कंपनीची? माझं मत आधीच सांगतो. हब (चाकाचा मधला भाग), रिम (बाहेरचं कडं) आणि स्पोक (म्हणजे तारा) बऱ्या दर्जाचे असले की पुढचा सगळा फरक ते चाक कोणी, किती काळजीने बांधलंय यावर पडतो. दुसरी गोष्ट, बिघडल्यावर ते सोलापुरातच दुरुस्त होणार आहे का? हे दोन प्रश्न दुकानात विचारा, किंमत त्यानंतर.

प्रश्न : माझं वजन ९५ किलो आहे. जुळे सोलापूरहून रोज सकाळी होटगी रस्त्याने जातो, रविवारी माळावरच्या कच्च्या वाटा धरतो. मागच्या चाकाची तार सारखी तुटते, तीही गिअरच्या बाजूची. मिस्त्री दर वेळी एक तार बदलून देतात. नवीन चाक घेऊ का? (एक शिक्षक)

लगेच घेऊ नका. आधी तार का तुटते ते समजून घ्या, नाहीतर नवीन चाकाचंही हेच होईल.

तुमचं वजन जास्त आहे म्हणून तार ओढली जाऊन तुटते, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात तार थकून तुटते. चाक फिरताना जी तार खाली, जमिनीच्या बाजूला येते तिचा ताण क्षणभर कमी होतो आणि ती वर गेली की पुन्हा पूर्ववत होतो. एका किलोमीटरला चाकाचे साडेचारशेच्या आसपास फेरे होतात, आणि प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक तार एकदा सैल होऊन पुन्हा आवळली जाते. मुळात ताण पुरेसा असेल तर हा चढउतार तिला सोसतो. ताण कमी असेल तर खाली आलेली तार पार ढिली पडते, हबच्या भोकात तिचा वाकवलेला भाग हलत राहतो आणि तिथेच बारीक चीर पडते. तुमची तुटलेली तार पाहा. बहुधा ती त्या वाकणातच तुटलेली असेल.

आता एकच तार बदलून काय होतं? बाकीच्या तारांनीही तेवढेच हेलकावे खाल्लेले असतात. नवी तार बसते आणि महिन्याभरात शेजारची जाते. दोन-तीन तारा पाठोपाठ गेल्या की ठिगळं लावणं थांबवा आणि सगळ्या तारा नव्या घालून चाक पुन्हा बांधून घ्या. रिम सरळ असेल, तडे नसतील, तर तीच वापरा.

बांधताना तारा स्टेनलेस स्टीलच्या घ्या. दोन्ही टोकांना २ मिमी आणि मध्ये १.८ मिमी अशी मध्ये बारीक केलेली तार मिळते. बारीक म्हणजे कच्ची, असं वाटून लोक ती नाकारतात, पण मधला भाग किंचित ताणला जात असल्याने वाकणावरचा मार कमी होतो आणि तार जास्त टिकते. निपल (तार रिमवर कसणारी छोटी चाकी) पितळीच घ्या. ॲल्युमिनियमचे वजनाने हलके असतात, पण काही वर्षांनी गंजून तारेला असे चिकटतात की चावी लावली की निपलच गोल होतं. रिम दुहेरी भिंतीची हवी. तुमच्या वजनाला मागे ३६ तारा उत्तम, ३२ चालतील, त्याहून कमी नकोत. रिमची भोकं आणि हबची भोकं सारखीच असावी लागतात, हे खरेदीआधी मोजा.

आणखी एक तपासा. तुमच्या हबवर गिअरची चक्री आट्यांवर फिरवून बसवलेली आहे का? जुन्या आणि स्वस्त सायकलींत अशी फ्रीव्हील असते. तिच्यात उजवीकडचे छर्रे एक्सलच्या टोकापासून बरेच आत असतात, त्यामुळे वजनदार स्वाराच्या भाराने एक्सल वाकतो, कधी तुटतोही. कॅसेटच्या, म्हणजे चक्री आट्यांऐवजी खाचांवर सरकवून बसवायच्या, हबमध्ये उजवीकडची बेअरिंग टोकाजवळ असते आणि हा त्रास जवळजवळ संपतो. फ्रीव्हील असेल तर मात्र हब बदलण्याचा खर्च जरूर करा. सात गिअर असले तरी चालेल, ८-९-१० गिअरच्या हबवर सातची कॅसेट ४.५ मिमीची चकती घालून बसते.

प्रश्न : मुलाच्या सायकलला २७.५ इंची चाकं आहेत. २९ इंची जास्त मजबूत असतात म्हणून तो ऑनलाइन मागवू पाहतोय. बसतील का? (एक पालक, बाळीवेस)

बसणार नाहीत, आणि मजबूत असतात हेही खरं नाही. टायर जिथे बसतो तिथे २७.५ च्या रिमचा व्यास ५८४ मिमी आणि २९ चा ६२२ मिमी. म्हणजे टायर तेवढाच ठेवला तरी चाक सगळीकडून १९ मिमी मोठं होतं. मागच्या फ्रेममध्ये सहसा एवढी जागा नसते. शिवाय तारा जितक्या लांब, तितकं चाक बाजूच्या धक्क्याला मऊ. २९ इंची चाक खड्ड्यांवरून सहज जातं हा त्याचा खरा गुण आहे, पण त्यासाठी सायकलच वेगळी घ्यावी लागते.

२७.५ चीच नवी चाकं मागवणार असलात तर मुलाला पट्टी घेऊन बसवा. मागच्या फ्रेमच्या दोन टोकांमधलं आतलं अंतर १३५, १४२ की १४८ मिमी? पुढे १०० की ११०? डिस्कची चकती सहा स्क्रूंची आहे की मधल्या एका कड्याने कसलेली? ही उत्तरं कागदावर येईपर्यंत पैसे भरू नका.

प्रश्न : आम्ही मैत्रिणी हिप्परगा तलावाच्या आसपास आणि बार्शी रस्त्याने नान्नजकडे जातो. काट्यांनी जीव नकोसा केलाय. ट्यूबलेस चाकं घेतली तर सोलापूरच्या उन्हात टिकतात का?

टिकतात, आणि आपल्या भागात चाकावर खर्च करायचा असेल तर मी सगळ्यात आधी यावरच करेन. बाभळीचा काटा, वेड्या बाभळीचा काटा आणि उन्हाळ्यात वाळून कडक झालेले सराटे, या तिघांपुढे साधी ट्यूब फार दिवस तग धरत नाही. मग पंक्चरच्या भीतीने लोक हवा ठासून भरतात, आणि टायरने पचवायचे धक्के तारांवर आणि मनगटांवर येतात. ट्यूबलेसमध्ये टायरच्या आत रबराच्या चिकाचं पातळ सीलंट असतं. काटा उपसला की ते भोकात जाऊन घट्ट होतं. हवा कमी ठेवता येते, चाकाला मार कमी बसतो.

पण रिम ट्यूबलेससाठीच बनवलेली हवी. तिच्या आत टायरची कड अडकून बसायला खास कंगोरा असतो. साध्या रिमवर टेप लावून जुगाड करू नका. वळणावर टायर कडेवरून सुटला तर तोंडावर पडाल. २.२ ते २.४ इंची टायरला रिमची आतली रुंदी २५ ते ३० मिमी असावी, आणि टेप आतल्या रुंदीपेक्षा दोन-चार मिमी जास्त.

आता उन्हाचं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ वर गेला की उभ्या सायकलीचा टायर फुटेल अशी भीती अनेकांना असते. हिशोब करून पाहा : ३० पीएसआय हवा भरलेला टायर ३० अंशांवरून ५० अंशांवर तापला तरी आतला दाब साधारण तीन पीएसआयने वाढतो. एवढ्याने काही होत नाही. ऊन मारतं ते सीलंटला. ते वाळून आत पापुद्रे धरतं, म्हणून उन्हाळ्यात दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्ह उघडून काडी घालून पाहा आणि कोरडं वाटलं की भर घाला. २९ इंची टायरला सुरुवातीला १०० ते १२० मिली लागतं.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. मोठी चीर पडली, सीलंटने हात टेकले आणि तुम्ही वाटेत ट्यूब घालायला बसलात, तर आधी टायरच्या आतून कापड फिरवा. सीलंटने गुपचूप बंद केलेले कित्येक काटे आत टोकं काढून बसलेले असतात. एकेक पक्कडीने उपसा, नाहीतर नवी ट्यूब पहिल्याच शंभर मीटरमध्ये जाईल.

आणि नान्नजला जाताना माळढोक अभयारण्याच्या हद्दीत सायकली घालू नका. गवत रिकामं दिसतं, पण माळढोक जमिनीवरच अंडी घालतो. त्याची संख्या आता इतकी कमी उरलीय की एका घरट्याचंही मोल आहे.

प्रश्न : कार्बनची रिम घेतली तर आयुष्यभर बघायला नको म्हणतात.

आपल्या मुरमाच्या वाटांना ॲल्युमिनियमच घ्या. दगडावर आपटून तिची कड दुमडली तर बऱ्याचदा सरळ करून घरी येता येतं. कार्बनला तडा गेला की ती रिम काढूनच ठेवावी लागते. वाचलेल्या पैशांत चांगला हब येतो.

प्रश्न : हब छर्ऱ्यांचा घ्यावा की बंद बेअरिंगचा? पावसाळ्यात आमच्या शेताकडच्या वाटेवर काळ्या मातीचा नुसता राडा असतो. (मोहोळ)

तुमच्यासाठी बंद बेअरिंगचा. छर्ऱ्यांचा, म्हणजे कोन-वाटीचा, हबही वाईट नसतो. वेळेवर खोलून धुतला, नवं ग्रीस भरलं, कोन नीट बसवला, तर तो वर्षानुवर्षं चालतो. पण काळी माती आत गेली आणि महिनाभर तशीच राहिली की छर्रे वाटीला खड्डे पाडतात. कोन बदलता येतो, पण वाटी हबमध्येच ठोकून बसवलेली असते. ती गेली की हब गेला.

बंद बेअरिंग खराब झाली तर ठोकून काढायची, नवी दाबून बसवायची. तिच्या झाकणावर नंबर कोरलेला असतो. ६००० किंवा ६००१ असेल तर नशीब समजा, कारण त्या विजेच्या मोटारींतही लागतात आणि सोलापूर हे यंत्रमागांचं गाव असल्याने बेअरिंगच्या दुकानांची इथे वाण नाही. ६९०२ सारखी पातळ बेअरिंग मागवावी लागू शकते. हब निवडताना हा नंबर विचारा. दोन्ही बाजूंनी रबरी झाकण असलेलीच बेअरिंग घ्या. आणि वॉशिंग सेंटरवर सायकल धुताना जोराच्या पाण्याचा फवारा हबवर धरू देऊ नका. पाणी झाकणातून आत शिरतं आणि ग्रीस धुऊन नेतं.

प्रश्न : नवं चाक नीट बांधलंय की नाही, हे माझ्यासारख्या साध्या माणसाने कसं ओळखायचं?

कानाने. एकेक तार बोटाने छेडत जा. एका बाजूच्या सगळ्या तारा जवळपास एकाच सुरात वाजल्या पाहिजेत. मागच्या चाकाच्या डाव्या तारा खालच्या सुरात वाजतील, ते बरोबर आहे. गिअरसाठी जागा सोडायची म्हणून उजव्या तारा उभ्या आणि जास्त ताणलेल्या असतात. एखादी तार मध्येच बद्द वाजली तर ती सैल आहे. दुकानात ताण मोजायचं मीटर असेल तर मागच्या उजव्या तारा १०० ते १२० किलोच्या दरम्यान हव्यात, मात्र रिमवर कंपनीने याहून कमी मर्यादा दिली असेल तर तीच पाळायची.

नुसता आउट (चाकाचं डगणं) काढलेला आहे म्हणून चाक चांगलं समजू नका. सगळ्या तारा सैल ठेवूनही चाक सरळ फिरवून दाखवता येतं. यंत्रावर बांधून आलेली स्वस्त चाकं पुष्कळदा तशीच असतात, आणि पहिल्या दोन महिन्यांत डगायला लागतात. म्हणून दुकानदाराला सांगा : ताण वाढवून द्या, आणि शेजारच्या समांतर तारांच्या जोड्या मुठीत धरून जोरात दाबा. अशाने पिळलेल्या तारा मोकळ्या होतात, वाकणं हबवर नीट टेकतात. त्यानंतर पुन्हा आउट काढायचा. १००-१५० किलोमीटर झाले की एकदा परत दाखवायचं. या मेहनतीचे पैसे मिस्त्रीने मागितले तर घासाघीस न करता द्या, अर्धा दिवस जातो त्यात.

तारेच्या आट्यांना लावायला जवसाचं तेल चांगलं. कसताना ते वंगण म्हणून काम करतं, नंतर हळूहळू वाळून चिकट होतं आणि निपल आपोआप सैल होऊ देत नाही. जुने कारागीर हेच वापरत.

प्रश्न : तुळजापूरच्या घाटाकडे किंवा हत्तरसंग कुडलला जाताना वाटेत तार तुटली तर?

निघतानाच तीन तारा आणि निपलची चावी बरोबर ठेवा. पुढच्या चाकाची, मागची डावी, मागची उजवी, या तिघींची लांबी बहुधा वेगळी असते, म्हणून आपल्या चाकाची मापं एकदा मोजून घ्या. तारा सीटच्या दांड्यात बोळा घालून राहतात.

तार तुटली की थांबा आणि तुटका तुकडा शेजारच्या तारेला गुंडाळा, नाहीतर तो गिअरमध्ये अडकेल. रिम विरुद्ध बाजूला ओढली गेलेली दिसेल. तुटलेल्या तारेच्या दोन्ही बाजूंच्या तारा समोरच्या बाजूच्या असतात, त्यांची निपलं अर्धा-अर्धा फेरा सैल करा, टायर फ्रेमला घासायचा थांबेल. रिमवर दाबणारे ब्रेक असतील तर त्या चाकाचा ब्रेक उघडा ठेवून फक्त दुसऱ्या ब्रेकवर, हळू चला. घाट उतरायचा राहिला असेल तर सायकलवरून उतरून चालत उतरा.